सेन्सरचं झाड: वायरलेस सेन्सर नेटवर्कमध्ये ट्री टोपोलॉजी आणि डेटा अ‍ॅग्रिगेशन कसं चालतं?

मागच्या ऑक्टोबरमधली गोष्ट. माझ्या मोबाइलवर एक आकडा दिसत होता: ओल ३० टक्के. मी पुण्यात ऑफिसमध्ये आणि सेन्सर लोहाऱ्यात, काकांच्या वावरात. मातीतली ओल २७ टक्क्यांच्या खाली गेली की ‘पाणी द्या’ असा अलर्ट मी लावून ठेवला होता. ३० म्हणजे सगळं ठीक. चार दिवस मी रोज तोच आकडा बघून निवांत होतो. पाचव्या दिवशी काकांचा फोन आला: "तुह्या मोबाइलले काय दिसते ते दिसो बाबू, वरच्या धुऱ्यापाशी पऱ्हाटी सुकून राह्यली."

(विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी: वावर म्हणजे शेत, धुरा म्हणजे बांध आणि पऱ्हाटी म्हणजे कपाशीचं झाड.)

सेन्सर बिघडले नव्हते. बॅटऱ्या भरलेल्या होत्या. पॅकेट वेळेवर येत होती. चूक होती ती बारा ठिकाणचे आकडे एकत्र करून एक आकडा बनवण्याच्या माझ्या पद्धतीत. कपाशीला बोंडं धरायच्या दिवसांत पाण्याचा ताण बसला की पात्या आणि फुलं गळतात. वरच्या भागात ती गळाली आणि गळालेली पाती परत लागत नाही.

आज आपण याच विषयाकडे बघणार आहोत. सेन्सरचं नेटवर्क झाडासारखं का बांधतात, वाटेतच आकड्यांची बेरीज-वजाबाकी का करतात आणि त्यात माझ्यासारखी चूक कुठे होते? गणित शाळेतलंच आहे, घाबरू नका.

वायरलेस सेन्सर नेटवर्क म्हणजे काय?

एक छोटा डबा डोळ्यांसमोर आणा. आत एक सेन्सर (ओल, तापमान, कंप, काहीही मोजणारा), एक छोटा प्रोसेसर, एक रेडिओ आणि बॅटरी. या डब्याला ‘नोड’ म्हणतात. असे दहा, शंभर किंवा हजार नोड एखाद्या जागी पसरले आणि ते एकमेकांशी रेडिओवरून बोलायला लागले, की झालं वायरलेस सेन्सर नेटवर्क. सगळी माहिती शेवटी एका जागी पोचते. त्या जागेला ‘रूट’, ‘सिंक’ किंवा ‘गेटवे’ म्हणतात. गेटवेला सहसा इंटरनेट आणि लाइट, दोन्ही असतं. आमच्याकडे तो विहिरीजवळच्या मोटारीच्या खोलीत आहे.

महाराष्ट्रात हा प्रकार नवा नाही. आयआयटी मुंबईमध्ये प्रा. उदय देसाई यांच्या गटाने २००० च्या दशकातच ‘अ‍ॅग्रिसेन्स’ या प्रकल्पात नाशिकच्या सुला विनयार्ड्समध्ये द्राक्षबागेसाठी असं नेटवर्क लावलं होतं. पश्चिम घाटात दरड कोसळण्याचा अंदाज आधीच यावा, यासाठीच्या ‘सेनस्लाइड’ या प्रकल्पातही आयआयटी मुंबईचे संशोधक होते. त्यात खडकावरचा ताण मोजणारे सेन्सर वापरायचे होते. डोंगरात ना लाइट, ना वायर. तिथे बॅटरीवर चालणारे आणि एकमेकांच्या मदतीने बोलणारे नोडच कामाचे.

खरा खर्च बोलण्याचा, विचार करण्याचा नाही

मोबाइल रात्री चार्जिंगला लावायची आपल्याला सवय आहे. वावरातला नोड कोण रोज चार्ज करणार? तो महिनोन्‌महिने चालला पाहिजे. म्हणून या क्षेत्रात पहिला प्रश्न एकच: बॅटरी कशात जाते?

मी वापरलेला रेडिओ म्हणजे एनआरएफ२४एल०१ प्लस. शाळा-कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये दिसणारं स्वस्त मॉड्यूल. याची डेटाशीट सांगते की पूर्ण ताकदीवर पाठवताना हा रेडिओ ११.३ मिलिअँपिअर घेतो. ऐकताना घेतो साधारण १३ मिलिअँपिअर. झोपल्यावर १ मायक्रोअँपिअरपेक्षाही कमी.

इथे एक गोष्ट नीट बघा. नुसतं ऐकत बसायला पाठवण्यापेक्षा थोडी जास्तच वीज लागते. आपल्याला वाटतं, बोलणाऱ्याची शक्ती जाते आणि ऐकणारा फुकट बसलेला असतो. रेडिओचं तसं नसतं. २,००० मिलिअँपिअर-अवरची बॅटरी लावून हा रेडिओ सतत ऐकत ठेवला, तर २,००० भागिले १३ म्हणजे साधारण १५४ तास. आठवडाभरही नाही, आणि हा फक्त रेडिओचा हिशोब झाला. त्या मानाने दोन आकड्यांची बेरीज करायला प्रोसेसरला जो वेळ आणि जी वीज लागते, ती नगण्य.

म्हणजे नियम सोपा आहे: कमी बोला, त्याहून कमी ऐका आणि जमेल तेवढा हिशोब जागच्या जागी करा.

स्टार, मेश आणि ट्री

नोड एकमेकांशी कसे जोडलेले आहेत, त्या मांडणीला टोपोलॉजी म्हणतात.

स्टार: प्रत्येक नोड थेट केंद्राशी बोलतो. तुमच्या घरातल्या वायफाय राउटरभोवतीचे मोबाइल म्हणजे स्टार. राज्य सरकार आणि स्कायमेट यांच्या ‘महावेध’ प्रकल्पात २०१७ पासून महसूल मंडळांच्या पातळीवर दोन हजारांहून जास्त स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली. तिथेही प्रत्येक केंद्राची माहिती स्वतंत्रपणे वर जाते, शेजारच्या मंडळातलं केंद्र ती पुढे ढकलत नाही. स्टार सोपा आहे, पण प्रत्येक नोडचा आवाज केंद्रापर्यंत पोचलाच पाहिजे.

मेश: प्रत्येक नोड आसपासच्या कोणाशीही बोलू शकतो. एक वाट बंद झाली तर दुसरी मिळते. पण वाटा लक्षात ठेवायला मेमरी आणि गप्पा, दोन्ही वाढतात.

ट्री: प्रत्येक नोडला एकच ‘पालक’ असतो. एका पालकाला अनेक ‘मुलं’ असू शकतात. प्रत्येक नोड फक्त आपल्या पालकाला माहिती देतो, पालक त्याच्या पालकाला, असं करत माहिती रूटपर्यंत जाते. ज्यांना मूल नाही ते ‘पान’ नोड. कॉम्प्युटरवाल्यांचं झाड उलटं असतं बरं का, मूळ वर आणि पानं खाली.

गावातल्या पोरांना हे झाड नवं नाही. तलाठी आपल्या गावांची माहिती मंडळ अधिकाऱ्याकडे देतो, तिथून तहसील, तिथून जिल्हा. प्रत्येक पायरीवर कागदाचे गठ्ठे जसेच्या तसे पुढे जात नाहीत, गोषवारा जातो. ट्री टोपोलॉजीत हेच घडतं आणि या गोषवारा करण्यालाच ‘डेटा अ‍ॅग्रिगेशन’ म्हणतात.

अ‍ॅग्रिगेशनने किती वाचतं? आमच्या वावराचा हिशोब

आमचं वावर चार एकर. वरचा भाग बरड, हलक्या जमिनीचा. खालचा भाग नाल्याकडे उतरत जाणारा, काळ्या भारी मातीचा. एकूण १२ नोड. गेटवेची तीन मुलं: अ, ब आणि क.

‘अ’ची शाखा वरच्या बरड भागात आहे. त्यात अ, त्याची दोन मुलं आणि त्या दोघांची प्रत्येकी दोन मुलं, असे ७ नोड. ‘ब’ची शाखा मधल्या भागात: ब आणि त्याची दोन मुलं, असे ३ नोड. ‘क’ची शाखा नाल्याजवळ: क आणि त्याचं एक मूल, असे २ नोड.

आता मोजू. गेटवेपासून एका उडीवर ३ नोड, दोन उड्यांवर ५ आणि तीन उड्यांवर ४.

अ‍ॅग्रिगेशन न करता प्रत्येक नोडचा आकडा जसाच्या तसा पुढे ढकलला, तर एका फेरीत (३ × १) + (५ × २) + (४ × ३) = २५ वेळा पॅकेट पाठवावं लागतं. वाटेत एकत्र करत गेलं, तर प्रत्येक नोड आपल्या आणि मुलांच्या माहितीचं एकच पॅकेट पाठवतो. म्हणजे १२.

दर १५ मिनिटांनी एक फेरी धरली तर दिवसाला ९६ फेऱ्या: २,४०० पॅकेट विरुद्ध १,१५२. निम्म्याहून कमी.

एकट्या ‘अ’कडे बघितलं तर फरक आणखी मोठा दिसतो. अ‍ॅग्रिगेशनशिवाय तो एका फेरीत ६ पॅकेट ऐकतो आणि ७ पाठवतो. अ‍ॅग्रिगेशन केल्यावर २ ऐकतो आणि १ पाठवतो. झाड जितकं खोल आणि नोड जितके जास्त, तितका हा फायदा वाढतो.

हा विचार नीट मांडणारं गाजलेलं काम म्हणजे ‘टायनी अ‍ॅग्रिगेशन’, म्हणजेच टॅग. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात सॅम्युअल मॅडन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ते मांडलं. कल्पना अशी की सेन्सर नेटवर्कला डेटाबेससारखा प्रश्न विचारायचा: ‘सरासरी तापमान किती?’ प्रश्न झाडावरून खाली जातो आणि उत्तर वर येता येता बनत जातं.

माझी चूक: सरासरीची सरासरी

आता त्या ३० टक्क्यांकडे येऊ. त्या दिवसाचे आकडे असे होते:

‘अ’ शाखा, ७ नोड, सरासरी १८.
‘ब’ शाखा, ३ नोड, सरासरी ३०.
‘क’ शाखा, २ नोड, सरासरी ४२.

माझा प्रत्येक नोड मुलांची सरासरी काढून वर फक्त ती सरासरी पाठवत होता. गेटवे काय करत होता? (१८ + ३० + ४२) ÷ ३ = ३०. मोबाइलवर ३०. अलर्ट नाही.

खरी सरासरी किती? सात नोडची बेरीज १२६, तिघांची ९०, दोघांची ८४. एकूण ३००. भागिले १२ म्हणजे २५. म्हणजे २७ च्या खाली. अलर्ट वाजायला हवा होता.

झालं काय? नाल्याजवळच्या दोन नोडना वरच्या सात नोडइतकंच वजन मिळालं. वर्गात सात पोरं नापास आणि दोन पोरं पहिल्या श्रेणीत, तर दोन्ही गटांना सारखं धरून ‘वर्ग ठीक आहे’ म्हणण्यासारखं. (हिशोब सोपा राहावा म्हणून इथे शाखांची सरासरी दिली आहे. शाखेच्या आतही तोच घोळ होऊ शकतो.)

उपाय एका ओळीचा आहे: वर सरासरी पाठवायचीच नाही. बेरीज आणि संख्या पाठवायची. प्रत्येक पालक मुलांच्या बेरजा मिळवतो, संख्या मिळवतो, स्वतःचा आकडा घालतो आणि पुढे देतो. भागाकार फक्त एकदा, शेवटी, रूटवर. टॅगमध्ये हे स्पष्ट सांगितलेलं आहे: एक काम सुरुवातीची नोंद बनवण्याचं, दुसरं दोन अर्धवट नोंदी जोडण्याचं, तिसरं शेवटचं उत्तर काढण्याचं. मी हे कॉलेजात परीक्षेसाठी वाचलं होतं. कोड लिहिताना ‘सरासरीच तर आहे’ म्हणून सोडून दिलं.

कोणता गोषवारा वाटेत करता येतो, कोणता नाही?

सगळी गणितं झाडावर सारखी बसत नाहीत. ढोबळ तीन गट:

पहिला गट: बेरीज, संख्या, कमाल, किमान. इथे अर्धवट उत्तर आणि पूर्ण उत्तर एकाच जातीचं असतं. दोन शाखांच्या कमालमधली मोठी, तीच एकूण कमाल. वर पाठवायला एकच आकडा पुरतो.

दुसरा गट: सरासरी, विचलन. उत्तर थेट जोडता येत नाही, पण ठरावीक दोन-तीन आकडे सोबत नेले की काम होतं. सरासरीसाठी बेरीज आणि संख्या. विचलनासाठी त्यात वर्गांची बेरीज.

तिसरा गट: मध्यक, म्हणजे सगळे आकडे ओळीत लावल्यावर मधोमध येणारा. दोन शाखांचे मध्यक माहीत असले तरी एकूण मध्यक सांगता येत नाही. अचूक उत्तर हवं तर सर्वसाधारणपणे सगळे आकडे वर न्यावे लागतात आणि मग अ‍ॅग्रिगेशनचा फायदाच संपतो. यावर तोड म्हणजे अंदाजे उत्तर: ‘० ते १० मध्ये किती, १० ते २० मध्ये किती’ असे खण करून फक्त मोजदाद पाठवायची. २००४ मध्ये आलेली क्यू-डायजेस्ट ही पद्धत हेच काम अधिक हुशारीने करते आणि चूक किती होऊ शकते याची मर्यादाही सांगते.

आणखी एक बारकावा. पॅकेट हरवू नये म्हणून एखाद्या नोडने दोन पालकांना एकच माहिती दिली तर? कमाल-किमानला फरक पडत नाही. बेरीज मात्र दुप्पट धरली जाते. म्हणून बेरजेसाठी ‘एक नोड, एकच पालक’ ही झाडाची शिस्त फार कामाची आहे.

झाड उगवतं कसं?

सगळ्यात साधी रीत अशी. रूट ओरडतो: ‘मी पायरी ०’. ज्यांना ऐकू आलं ते होतात पायरी १ आणि रूटला पालक मानतात. मग ते ओरडतात: ‘मी पायरी १’. ज्यांना अजून पालक नाही असे ऐकणारे होतात पायरी २. असं करत झाड पसरतं.

पण जवळच्या उडीचा मोह वाईट. समजा थेट दुव्यावर १० पैकी ३ च पॅकेट पोचतात. मग एक पॅकेट पोचवायला सरासरी ३.३ वेळा पाठवावं लागेल. त्याऐवजी मध्ये एक नोड घेऊन दोन उड्या मारल्या आणि दोन्ही दुव्यांवर १० पैकी ९ पोचतात, तर १.१ अधिक १.१, म्हणजे साधारण २.२ वेळा. लांबची वाट स्वस्त पडली. अपेक्षित पाठवण्यांच्या या मापाला ईटीएक्स म्हणतात. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘कलेक्शन ट्री प्रोटोकॉल’ याच मापावर पालक निवडतो. मार्च २०१२ मध्ये इंटरनेटचं मानक म्हणून आलेला आरपीएल हा प्रोटोकॉलही ते वापरू शकतो. आरपीएलमध्ये प्रत्येक नोडला रूटपासूनचा एक ‘रँक’ असतो. त्यामुळे आपल्याच नातवाला पालक करून गोल गोल फिरण्याचा धोका टळतो. शिवाय मुख्य पालक गेला तर पर्यायी पालक तयार ठेवता येतो. वाय-सन नावाच्या, स्मार्ट मीटरसाठी वापरल्या जाणाऱ्या तंत्रज्ञानातही हाच आरपीएल आहे.

माझ्याकडे मात्र इतकं काही नव्हतं. मी आरएफ२४नेटवर्क ही लायब्ररी वापरली. त्यात झाड पत्त्यातच लिहिलेलं असतं. ०१ म्हणजे गेटवेचं मूल. ०२१ म्हणजे ०१ चं दुसरं मूल. पत्ता बघून नातं कळतं. समजायला झकास, पण नातं कायमचं ठरलेलं. जुलैत कपाशी गुडघ्याखाली असताना सगळे दुवे मस्त चालले. सप्टेंबरात झाडं छातीला लागली. ओल्या पानांतून २.४ गिगाहर्ट्झचा रेडिओ दमतो. दुवे तुटायला लागले आणि पालक बदलायची सोय नव्हती. शेवटी मी बांबू आणून अँटेना पिकाच्या वर नेल्या.

वेळ सांभाळा: खालचे आधी, वरचे नंतर

अ‍ॅग्रिगेशनसाठी पालकाला मुलांची वाट बघावी लागते. पण किती वेळ? वर आपण बघितलं की ऐकत बसणं महाग. म्हणून पॅकेट निम्मी झाली तरी मधला नोड कायम जागा राहिला, तर बॅटरी फारशी वाचत नाही. ही गोष्ट बरेच लोक विसरतात, मीही विसरलो होतो.

टॅगमधला उपाय म्हणजे वेळेच्या पायऱ्या. एका फेरीचे तुकडे करायचे. सगळ्यात खोलचे नोड पहिल्या तुकड्यात बोलतात आणि त्याच वेळी त्यांचे पालक ऐकतात. दुसऱ्या तुकड्यात ते पालक बोलतात आणि आजोबा ऐकतात. बाकी सगळा वेळ झोप. यासाठी सगळ्या नोडची घड्याळं जुळलेली हवीत. आणि झाड जितकं खोल, तितकं उत्तर उशिरा येतं. जमिनीतल्या ओलीला दोन मिनिटं उशीर चालतो. दरडीच्या इशाऱ्याला चालेलच असं नाही. तिथे ‘मर्यादा ओलांडली’ असा निरोप फेरीची वाट न बघता लगेच वर गेला पाहिजे.

एक फांदी तुटली की

झाडाचं सगळ्यात मोठं दुखणं हेच. एक मधला नोड गेला की त्याच्याखालची सगळी शाखा गप्प होते. आणि रूटच्या जवळच्या नोडवर सगळ्यांचं ओझं असल्यामुळे सहसा तेच आधी थकतात.

आमच्याकडे ‘अ’ कायम जागा असायचा, म्हणून त्याला छोटं सोलर पॅनल लावलं होतं. यंदा सप्टेंबरात कपाशी वाढली, एक फांदी पॅनलवर आली आणि तीन दिवसांत ‘अ’ बंद पडला. तोपर्यंत मी बेरीज आणि संख्या पाठवायला लागलो होतो. तरी मोबाइलवरचा आकडा पाऊस नसताना एकदम वर गेला. का? वरचेच आकडे धरून बघा. ‘अ’ शाखा गेली की उरते (९० + ८४) ÷ ५ = ३४.८. सगळ्यात कोरडा भाग हिशोबातून गळाला आणि वावर कागदावर ओलं झालं.

फरक इतकाच की या वेळी पॅकेटमध्ये संख्या होती: १२ ऐवजी ५. मी ती स्क्रीनवर दाखवत नव्हतो, पण शंका आल्यावर लॉग उघडला आणि मिनिटात कळलं. काकांना फोन केला, त्यांनी फांदी बाजूला केली, पॅनल वर बांधलं. त्यात कोणाची पाती गळाली नाही.

म्हणून माझा आग्रह: संख्या ही फक्त भागाकारासाठी नसते. उत्तर किती जणांच्या बोलण्यावर उभं आहे, हे तीच सांगते.

बरोबर सरासरी आली, तरी पुरे नाही

इथे थांबलो असतो तर अर्धंच शिकलो असतो. खरी सरासरी २५ होती. पण वरच्या भागात १८ आणि नाल्याजवळ ४२ असताना, २५ ही ओल वावरात नक्की कुठे होती? कदाचित कुठेच नाही. २५ बघून सगळ्या वावराला पाणी दिलं असतं, तर वरची कपाशी वाचली असती आणि नाल्याजवळच्या मुळांशी पाणी साचलं असतं.

शेतकऱ्यांना हे दुखणं जुनंच आहे. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. मंडळासाठी एक आकडा, आणि वावरं शेकडो. एका आकड्यात जे मावत नाही, ते निर्णयातही येत नाही. सेन्सर वाढवले तरी शेवटी एकच सरासरी दाखवणार असू, तर आपण तीच गोष्ट स्वतःच्या वावरात करतोय.

आता आमचं प्रत्येक पॅकेट पाच गोष्टी नेतं: बेरीज, संख्या, किमान, कमाल आणि किमान ओल असलेल्या नोडचा क्रमांक. या रेडिओच्या एका पॅकेटमध्ये ३२ बाइट मावतात. पाच गोष्टी त्यात आरामात बसतात. पॅकेटची संख्या तीच, १२. बॅटरीचा खर्च जवळजवळ तोच. आणि अलर्ट आता सरासरीवर नाही, किमानवर आहे, कोणत्या नोडची ओल कमी झाली त्यासकट. काकांना टक्के नको असतात. ‘वरच्या धुऱ्याला पाणी सोडा’ एवढं पुरतं.

तुम्ही करणार असाल तर

आधी विचारा, झाड लागतंय का? आठ-दहा नोड आणि मोकळं वावर असेल, तर ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपास चालणारा लोरा रेडिओ लांब पोचतो आणि साधा स्टार पुरतो. मध्ये उड्या मारल्याशिवाय पोचता येत नसेल, किंवा नोड खूप असतील, तेव्हा झाड.

सुरुवात तीन नोडने करा: रूट, मधला आणि पान. मधला मुद्दाम बंद करा आणि स्क्रीनवर काय दिसतं ते बघा. काहीच वेगळं दिसलं नाही, तर आधी ते दुरुस्त करा.

मधल्या नोडना मोठी बॅटरी द्या. पॅनल आणि अँटेना आजच्या नाही, तर दोन महिन्यांनंतरच्या पिकाच्या उंचीवर लावा.

सरासरी कधीच वर पाठवू नका. बेरीज आणि संख्या पाठवा, सोबत किमान-कमाल. संख्या कमी झाली की तोही अलर्ट समजा.

आणि कोड लिहिण्याआधी ज्याचं वावर आहे त्याच्यासोबत एक चक्कर मारा. बरड कुठे, भारी माती कुठे, पाणी कुठे थांबतं, हे काकांना तोंडपाठ होतं. मी तेव्हा विचारलं असतं, तर वरच्या बरड भागाचे आणि नाल्याजवळचे आकडे एकाच सरासरीत टाकलेच नसते.